मासा कण्हत नाही

मासा कण्हत नाही. कुत्रं आजारी पडलं की दाराशी मुटकुळं करून पडतं, गाय वैरण सोडते, मांजर अडगळीत जाऊन बसतं आणि हात लावला की गुरगुरतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत असं काही घडत नाही. माणसाला ऐकू जाईल असा आवाज घरातल्या बहुतेक माशांना नसतो. त्यांच्या डोळ्यांना पापण्याही नसतात, त्यामुळे कितीही त्रास झाला तरी डोळे मिटून पडता येत नाही. मासा पोहत राहतो. घरातली माणसं येता-जाता टाकीकडे बघतात, दिवा चालू असतो, बुडबुडे येत असतात आणि सगळं ठीक आहे असं धरून चालतात.

त्यात दुखणं लपवणं हा माशाचा स्वभाव. नदीत किंवा तळ्यात थव्यातला जो मासा अडखळतो, त्यालाच शिकारी आधी उचलतो. असे अडखळणारे वेचले जात राहिले आणि शेवटच्या क्षणापर्यंत धड दिसणारे उरले. टाकीतला मासा तळाशी आडवा झालेला दिसतो, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. माशाला कुठे दुखतं हे विचारता येत नाही, नाडी बघता येत नाही, घरी रक्त तपासता येत नाही. निदानाचा सगळा भार पाहणाऱ्याच्या नजरेवर येतो, आणि ती नजर मासा ठणठणीत असतानाच तयार व्हावी लागते.

खाणं टाकण्याची वेळ ही त्यासाठी सर्वांत चांगली. झाकण उघडताच कोण आधी वर येतो, कोण रांगेत मागे असतो, कोण तळाशी पडणाऱ्या कणांची वाट बघतो, हे रोज दोन मिनिटं पाहिलं की प्रत्येक माशाची रीत कळते. मग एखादा वर आला नाही, किंवा वर आला, दाणा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला, तर ते लगेच डोळ्यांत भरतं. पर अंगाला चिकटवून पोहणं, कल्ल्यांची झाकणं नेहमीपेक्षा भराभर उघडणं-मिटणं, एकच कल्ला हलणं, दगडावर किंवा वाळूवर अंग घासणं, कळप सोडून कोपरा धरणं, रंग फिका पडणं, विष्ठा पांढरी नि लांबट होणं, या सगळ्या तक्रारीच असतात. एकच लक्षण अनेक आजारांत दिसतं, म्हणून एका लक्षणावरून निदान ठरवता येत नाही. दोन-तीन लक्षणं जुळवावी लागतात, आणि ती एका माशात दिसतात की सगळ्या टाकीत, हे बघावं लागतं. एकाच दिवशी सगळेच मासे बेचैन झाले तर दोष बहुधा पाण्यात असतो. एकटाच खंगत असेल तर दोष त्याच्या शरीरात शोधायला हवा.

शिवाय एका जातीची तक्रार ही दुसऱ्या जातीची सवय असते. गप्पी किंवा गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठाशी तोंड लावून हवा घेत असेल तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ल्यांना इजा झाली आहे. गोरामी आणि फायटर वर येऊन हवा घेतात ते त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर असलेल्या खास अवयवामुळे. गढूळ, उथळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात त्यांचे पूर्वज त्यावरच जगले. लोच दिवसभर दगडाखाली दडून राहिला तर काळजी नको, पण टेट्राच्या थव्यातला एक दिवसभर दडला तर काळजी करावी. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडांवर पांढरे बारीक पुटकुळे येतात. ते निरोगी, वयात आलेल्या नराचं लक्षण आहे. ते बघून घाबरलेले लोक टाकीत औषध ओततात आणि धडधाकट मासा विनाकारण विषारी पाण्यात राहतो.

आता पाण्याविषयी. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच जेवतो आणि त्यातच मळ टाकतो. त्याच्या शरीरातला नायट्रोजनयुक्त मळ मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. दोन फुटी काचेत साठतो. त्याला आवर घालतात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. मातीतल्या अशा जीवाणूंना १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळं काढून दाखवलं. मत्स्यालयात नायट्राइट संपवण्याचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातले जीवाणू करतात, हे कळायला १९९८ साल उजाडलं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य आणि थोडं थोडं पाणी बदलून कमी करता येण्याजोगं. फिल्टरच्या स्पंजात, खड्यांवर, काचेवर या जीवाणूंची वस्ती बसायला नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

इतका धीर फार थोड्या घरांत असतो. शनिवारी टाकी येते, त्याच संध्याकाळी रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं, हवेवर उघडझाप करणारा शिंपला, आणि सोबत डझनभर मासे. मुलं खूश असतात. पहिले काही दिवस सगळं छान चालतं. मग मासे पृष्ठाशी येऊन धापा टाकू लागतात, कल्ले लाल दिसतात, एक-दोन मरतात. दुकानात जाऊन सांगितलं की निळ्या औषधाची छोटी बाटली हातात पडते. त्या माशांना कुठल्याही जंतूने ग्रासलेलं नसतं. ते स्वतःच्याच अमोनियात जळत असतात, आणि निळं औषध बसू पाहणाऱ्या जीवाणूंच्या वस्तीलाही मारक ठरतं. तिथे उपाय एवढाच, की रोज थोडं पाणी बदलायचं, खाणं जवळजवळ बंद करायचं आणि जमल्यास जुन्या, निरोगी टाकीतला थोडा वापरलेला स्पंज आणून फिल्टरमध्ये ठेवायचा.

अमोनियाचा एक गुण समजून घेतला की टाकीतली बरीच कोडी सुटतात. पाण्यात तो दोन रूपांत असतो, मोकळा अमोनिया आणि अमोनियम. विषारी तो पहिला. कुणाचं प्रमाण किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. मळ तेवढाच, विष दसपट.

रविवारच्या साफसफाईत मासे का मरतात, याचं उत्तर इथे आहे. जुन्या टाकीत जीवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत राहतं. तानसा, वैतरणा, भातसा इथून मुंबईला येणारं धरणाचं पाणी मृदू असतं आणि ते आम्ल झेलणारे क्षार त्यात थोडे. पाणी वेळच्या वेळी बदललं नाही तर सामू हळूहळू खाली सरकतो, जीवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साठू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असल्याने मासे तग धरून राहतात. मग एका रविवारी घरातलं कुणीतरी कंबर कसतं. निम्म्याहून अधिक पाणी उपसलं जातं, स्पंज नळाखाली पिळून पांढरा होईपर्यंत धुतला जातो, ताजं नळाचं पाणी भरलं जातं. सामू एकदम वर चढतो, उरलेल्या पाण्यातलं अमोनियम मोकळ्या अमोनियात बदलतं, स्पंजातले जीवाणू नळाच्या क्लोरीनने मेलेले असतात आणि तेच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही भाजतं. टाकी लखलखीत असते आणि सोमवारी सकाळी मासे उलटे तरंगत असतात. घरात सगळ्यांना वाटतं, एवढी स्वच्छता करूनही असं का व्हावं.

पठारावरच्या गावांत, जिथे बोअरचं पाणी वापरतात, तिथे दुखणं वेगळं असतं. पाणी जड, सामू चढा. तिथे सामू घसरत नाही, पण थोडासा अमोनियाही महाग पडतो. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं, क्लोरीन वाढवावं लागतं, आणि नळाचं पाणी थेट ओतण्याची, एरवी चालून जाणारी सवय जुलैत अंगाशी येते. भारनियमन होत असे त्या वर्षांत फिल्टर तासन् तास बंद पडत आणि आतल्या जीवाणूंची वस्ती प्राणवायूअभावी मरत असे. वीज आली की तेच कुजकं पाणी टाकीत परतत असे. आजही ज्या गावांत वीज जाते-येते, तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप औषधांच्या कपाटापेक्षा अधिक मासे वाचवतो. नळाचं पाणी पिंपात चोवीस तास उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब ते लगेच निष्प्रभ करतात.

नायट्राइटचा घाव आणखी आतला. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास नालायक करून ठेवतं. रक्त तपकिरी पडतं. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी जुने दुकानदार चिमूटभर जाडं मीठ टाकायला सांगतात, त्यामागे पक्कं शास्त्र आहे. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवून धरतं. अर्थात, नायट्राइट वाढलं आहे हे कळण्यासाठी पाणी तपासायला हवं. काही थेंब आणि एक रंगपट्टी एवढंच ते काम आहे.

पाणी निर्दोष ठरलं की मगच जंतूंकडे वळावं. त्यात घरोघरी सर्वाधिक दिसतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, दुकानदारांच्या बोलीत ‘इच’. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा अंगभर सूक्ष्म केस असलेला एकपेशीय जीव त्याचं कारण. फुके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ साली त्याचं वर्णन केलं. माशाच्या अंगावर, परांवर रव्याचे दाणे चिकटावेत तसे ठिपके दिसतात, प्रत्येक फार तर एक मिलिमीटरचा. मासा अंग घासू लागतो. दिसणाऱ्या ठिपक्यांहून धोका मोठा असतो तो कल्ल्यांवर बसलेल्या, न दिसणाऱ्या ठिपक्यांचा.

या आजारावरचे उपाय फसतात ते त्या जीवाचं आयुष्य माहीत नसल्यामुळे. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून जेवणारा परजीवी. तिथे त्याला औषध पोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो, खड्यांवर किंवा झाडांवर बसतो, स्वतःभोवती चिकट कवच करतो आणि आत विभागत जातो. या कवचालाही औषध सहसा भेदू शकत नाही. एकातून शेकडो, कधी हजारभर पिल्लं बाहेर पडतात आणि पोहत मासा शोधू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषधाला संधी मिळते ती याच उघड्यावरच्या तासांत.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत ठिपके गळून पडले की लोक आनंदाने औषध थांबवतात, आणि आठवड्याने दसपट ठिपके घेऊन आजार परत येतो. मासा बरा झालेला नसतो. परजीवी फक्त जेवून उठलेला असतो. २५ अंशांच्या आसपास हे चक्र तीन ते सात दिवसांत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे चालतं. उपचार शेवटचा ठिपका गेल्यानंतरही काही दिवस चालू ठेवावा लागतो, म्हणजे उशिरा निघालेली पिल्लंही सापडतात. पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत तापवलं तर चक्र वेगाने फिरतं आणि परजीवी लवकर उघड्यावर येतो. मात्र तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आधीच कल्ले दुखावलेल्या माशाला हा फरक जड जातो, म्हणून हीटर लावताना हवेचा पंप दुप्पट चालला पाहिजे. लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ, रोज खड्यांमधला गाळ नळीने ओढून काढणं, आणि गरज पडली तर औषध, असा तो क्रम. जे मासे या आजारातून उठतात त्यांच्या अंगी त्याच्याविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते.

पण पांढरं दिसलं की इच, असं समजू नये. काळ्या मॉलीच्या ओठांवर पांढरट पट्टा आला, पाठीवर खोगिरासारखा फिका डाग पडला आणि तो तासागणिक पसरू लागला, तर बुरशी म्हणून त्याकडे बघतात. तो बऱ्याचदा कॉलम्नेरिस असतो, फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेर या जीवाणूचा आजार. तो उष्णतेत बळावतो. इच समजून पाणी तापवलं तर दोन दिवसांत टाकी रिकामी होते. खरी बुरशी, सॅप्रोलेग्निया, सहसा आधीच झालेल्या जखमेवर बसते आणि तिचे तंतू पाण्यात हलताना दिसतात. ठिपके फार बारीक, पिवळसर-सोनेरी असतील, आणि अंधारात विजेरीचा उजेड तिरपा टाकल्यावर अंगावर मुलामा चढल्यासारखे चमकत असतील, तर तो वेल्व्हेट. त्याच्या जीवाला प्रकाशावर अन्न करता येतं, म्हणून टाकीवर कापड टाकून अंधार करणं हा उपचाराचा भाग ठरतो. परांच्या कडेवर फुलकोबीसारखी गाठ असेल तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूजन्य. त्यावर औषध नाही, पण चांगल्या पाण्यात ती गाठ बहुधा आपसूक जाते. फिकट डाग किंवा गाठ पाचही ठिकाणी, उपाय मात्र निरनिराळे. विजेरी, भिंग आणि दहा मिनिटांचं निरखणं यांना पर्याय नाही.

औषधांचा इतिहासही रंजक आहे. फुकेने इचचं वर्णन केलं त्याच १८७६ साली जर्मनीत हाइनरिख कारो यांनी बीएएसएफ कंपनीत मिथिलीन ब्ल्यू तयार केलं, कापड रंगवण्यासाठी. १८९१ साली पाउल एर्लिख यांनी ते हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिलं. मॅलाकाइट ग्रीन १८७७चं, तोही कापडरंगच. १९३०च्या दशकापासून ते माशांच्या बुरशीवर वापरात आलं. इचवर ते आजही प्रभावी आहे, पण विषारीही आहे. खाण्याच्या माशांवर ते वापरायला अनेक देशांत बंदी आहे. घरात ते वापरताना हातमोजे घालावेत, आणि अंगावर खवले नसलेल्या माशांना मात्रा निम्मी ठेवावी. तांब्याची औषधं गोगलगायी आणि कोळंबीला मारतात. फिल्टरमधला कोळसा बहुतेक औषधं शोषून घेतो, तो आधी काढून ठेवावा लागतो.

मात्रेतच सगळं आहे, आणि मात्रा पाण्याच्या लिटरवर ठरते. बाजारात सहज मिळणारी टाकी दोन बाय एक बाय एक फुटांची. तिचं माप सुमारे ५६ लिटर भरतं. खडे, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी पंचेचाळीसच्या आसपास. पावणेदोन इंच पाणी कमी-जास्त झालं तरी मात्रा चुकते. तरीही अंदाजे टोपणभर औषध ओतण्याची रीत आहे. त्याहून घातक रीत म्हणजे घरातल्या औषधांच्या डब्यातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत रिकामी करणं. पाणी जड असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतात आणि माशापर्यंत फारसं पोचत नाही. अँटिबायोटिक फिल्टरमधल्या उपकारक जीवाणूंनाही धोक्यात आणतं. आणि उरलेलं पाणी मोरीतून गटारात जातं, तिथे औषधाला न जुमानणारे जंतू घडायला मदत करतं. त्याची किंमत शेवटी माणसं मोजतात.

काही आजारांत निदान होतं, पण हातात फार काही उरत नाही. पोट फुगून खवले उभे राहिलेला मासा वरून पाहिला की तो जलोदर ओळखता येतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत आत झिरपत असतं, कारण बाहेरच्यापेक्षा आत क्षार जास्त. मूत्रपिंडं ते रात्रंदिवस बाहेर टाकतात. ती थकली की पाणी अंगात साठतं आणि खवले उचलले जातात. एप्सम सॉल्टच्या पाण्याने थोडा आराम पडतो, पण या टप्प्यावरून परत येणारे मासे थोडे. निऑन टेट्राची निळी-लाल पट्टी मधूनच पुसट होऊ लागली, पाठ वाकडी झाली, तर तो प्लिस्टोफोरा या सूक्ष्म परजीवीचा आजार असू शकतो. त्यावर उपचार नाही. आजारी माशाला वेगळं करावं लागतं, कारण मेलेल्या माशाला इतरांनी टोचलं की आजार पुढे जातो.

माशाला दुखतं का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव देणारे मज्जातंतू आहेत हे दाखवलं. ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचलेले मासे जागच्या जागी डोलत राहिले, खाणं टाळू लागले. आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. १९७६ सालच्या प्रयोगांत जंतुसंसर्ग झालेले मासे आपणहून जास्त उष्ण पाण्याकडे जाताना दिसले होते. अंगात ताप निर्माण करता येत नाही, म्हणून ते ताप शोधायला निघतात. घरातल्या टाकीत सगळं पाणी एकाच तापमानाचं, आजारी माशाला जायला जागाच नसते. त्याच्यासाठी जे करायचं ते दुसऱ्या कुणालातरी करावं लागतं. आणि ज्याच्यासाठी काहीच करता येत नाही, त्याला दिवसेंदिवस कुढत ठेवू नये. लवंगेच्या तेलाच्या पुरेशा मात्रेत आधी गुंगी येते, मग श्वास थांबतो. कमोडमध्ये जिवंत सोडणं ही सुटका नाही, ती यातना आहे.

मासा गेला की मराठी घरांत एक वाक्य ऐकू येतं: घरावरचं संकट त्याने आपल्यावर घेतलं. हे वाक्य बोलणाऱ्या आजीच्या मनात माया असते, रडणाऱ्या मुलाला तिने दिलेला तो आधार असतो. तो आधार हिरावून घेण्याचं कारण नाही. पण त्या वाक्याने चौकशी तिथेच संपते. मासा कशाने मेला हे कुणी विचारत नाही, आणि पुढच्या रविवारी त्याच पाण्यात नवा मासा येतो. घरात संकट असतं ते त्या पाण्यात, आणि ते शोधता येतं.

नवा मासाही एकटा येत नाही. चेन्नईतल्या कोळत्तूरमध्ये किंवा कोलकात्याच्या आसपास वाढलेला मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत लांबचा प्रवास करून कुर्ल्याच्या बाजारात येतो, तिथून दुकानात, दुकानातून घरात. उपास, गर्दी, पाण्यातले बदल, यांनी त्याची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते आणि अंगावर परजीवी असण्याची शक्यता खूप. मोठी मत्स्यालयं नव्या माशांना आधी वेगळ्या टाकीत राखून मग मूळ टाकीत घेतात. घरातही एक रिकामी छोटी टाकी, नाहीतर स्वच्छ प्लॅस्टिकचा टब, साधा स्पंज फिल्टर आणि चार आठवड्यांचा धीर पुरतो. १९५१ साली सुरू झालेलं मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहून आलेल्या कितीतरी मुलांनी घरी टाकीचा हट्ट धरला. त्या टाक्यांसोबत वेगळी राखायची दुसरी टाकी मात्र घरात आली नाही.

माणसांनीही जपावं. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत सापडलेला मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जंतूचा नातलग टाकीत आढळतो. हाताला जखम असताना टाकीत हात घातला तर बोटांवर, मनगटावर न भरणाऱ्या गाठी येऊ शकतात. त्या बऱ्या व्हायला महिने लागतात. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात मासे आहेत हे आवर्जून सांगावं. आणि आजारी किंवा नकोसा झालेला मासा तळ्यात, नदीत कधीही सोडू नये. हौसेने आणलेला सकर मासा आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरून स्थानिक माशांची जागा बळकावून बसला आहे.

जाणकारांची कमतरता आहे, हे खरं. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१पासून काम करते आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला, उदगीरला मत्स्यशास्त्राची महाविद्यालयं आहेत. पण तिथल्या ज्ञानाचा ओघ मुख्यतः शेततळी आणि मत्स्यशेतीकडे जातो. गल्लीतल्या पशुवैद्याकडे गोल्डफिश घेऊन जाणारा माणूस अजून विरळाच. लाखो घरांत टाक्या असताना त्यांच्यासाठी डॉक्टर नसावेत, हे चित्र बदलायला हवं. शहरांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत आठवड्यातून एक सकाळ जरी माशांसाठी राखली, एक सूक्ष्मदर्शक आणि कल्ल्याचा नमुना घ्यायला शिकलेला एक माणूस तिथे असला, तर अंदाजाने ओतल्या जाणाऱ्या बाटल्या निम्म्या होतील.

तोवर ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी एवढं करावं. अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासायचं साहित्य औषधाआधी आणावं. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. एका वेळी पाव हिस्सा पाणी बदलावं, त्याहून जास्त नको. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवावा. आणि एखादा मासा दगावलाच, तर टाकी धुवायला घेण्याआधी तिचं पेलाभर पाणी काढून त्याच दिवशी तपासावं, कारण बाकीचे मासे अजून त्याच पाण्यात आहेत.